साडेअकरा सेकंद

"साडेअकरा," मी म्हणालो.

काचेपलीकडे कुमुदताईंनी चष्मा कपाळावर ढकलला. "मग? सुरेख झालं की."

"चार हवेत, ताई."

"चार काय?"

"सेकंद."

त्यांनी समोरचा कागद उचलून उलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला एखादी युक्ती लिहिली असावी. कागदावर दोनच वाक्यं होती. 'या खेळात आर्थिक जोखीम आहे आणि त्याची सवय लागू शकते. कृपया जबाबदारीने आणि स्वतःच्या जोखमीवर खेळा.' ताईंनी ती बातम्यांच्या थाटात वाचली होती. 'जोखीम'वर किंचित थांबून, आणि 'सवय'च्या आधी घोटभर पाणी पिता येईल एवढी जागा सोडून.

"श्रेणिक, ही सूचना आहे ना?"

"हो."

"मग ती कळायला नको?"

"कळायला नको असं कोण म्हणतंय? चार सेकंदांत कळायला हवी, एवढंच."

"चार सेकंदांत शिंक कळते," ताई म्हणाल्या, आणि चष्मा खाली घेऊन त्यांनी पुन्हा वाचलं. पुन्हा साडेअकरा. बाईंच्या पोटात घड्याळ होतं.

मग मी म्हटलं, राहू द्या, बाकीचं मी करतो. बाकीचं करणं म्हणजे श्वास कापणं. माणूस बोलताना जिथे थांबतो, हवा आत घेतो, तेवढे तुकडे काढून टाकायचे आणि उरलेले शब्द एकाला एक चिकटवून पळवायचे. कुमुदिनी आठल्ये या बाईंनी तीस वर्षं आकाशवाणीवर बातम्या वाचल्या होत्या आणि त्यांच्या आवाजावर अर्ध्या जिल्ह्याने घड्याळं लावली होती. त्या आवाजाची मी पाऊण तासात मालगाडी केली. तीन सेकंद नव्वद. मुंबईहून जाहिरात कंपनीचा तन्मय फोनवर खूश झाला. "सर, एकदम क्लीन. काहीच कळत नाही."

ही आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगलीत विश्रामबागेत माझा 'श्रुती साउंड' नावाचा स्टुडिओ होता, आजही आहे. खाली पिठाची गिरणी, वर मी. दारांना कितीही कापूस ठोकला तरी गिरणी चालू असली की माईकमध्ये घरघर येई, म्हणून तिच्यात आणि माझ्यात एक अलिखित करार होता. ती दळते तेव्हा मी बसायचं, ती थांबते तेव्हा मी रेकॉर्ड करायचं. माणसं मी सेकंदांत मोजायचो. निवडणुकीचा उमेदवार स्वतःचं नाव घ्यायला दोन सेकंद घेतो आणि पक्षाचं नाव घ्यायला अर्धा. गूळवाल्या व्यापाऱ्याला 'सेंद्रिय' म्हणायला सहा खेपा लागतात. शाळेचे मुख्याध्यापक तीस सेकंदांच्या जाहिरातीत 'संस्काराचे माहेरघर' हे तीनदा बसवतात आणि शाळा कुठे आहे ते सांगायचं विसरतात. असा मी सगळ्यांचा हिशोब ठेवून होतो. माझ्या स्वतःच्या सेकंदांचा मात्र कुणी विचारला नव्हता.

गिरणी दळत असताना मी काय करायचो, ते सांगतो. मी पत्ते खेळायचो. फोनवर, पैसे लावून. 'पत्तेबहाद्दर' नावाचं रमीचं अ‍ॅप होतं. हो, तेच, ज्याच्या जाहिरातीखालची सूचना मी पळवत होतो. माल विकणाऱ्याने तो चाखू नये असा काही नियम नाही.

आमच्या घरी पत्त्यांचा जोड कधी आलेला नव्हता. लहानपणी मला आईने जैन पाठशाळेत घातलं होतं. तिथे सप्तव्यसनं पाठ करून घेत, आणि त्यात जुगाराचा नंबर पहिला. मी ती सात व्यसनं एका दमात म्हणत असे, वर्गात सगळ्यांत वेगाने. त्याबद्दल मला एकदा पेन्सिल मिळाली होती. पळवलेली सूचना माणसाच्या अंगाला लागत नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हरकत नव्हती.

पण मी जबाबदारीने खेळत होतो. अ‍ॅपमध्ये त्यासाठी एक वेगळं पानच होतं. रोजची मर्यादा ठरवता येई. मी ठरवली. मर्यादा वाढवायची तर चोवीस तास थांबावं लागे, म्हणून मी ती आदल्या दिवशीच वाढवून ठेवायचो. याला नियोजन म्हणतात. दर सोमवारी अ‍ॅप विचारायचं, 'तुम्ही ठीक आहात ना?' 'होय'चं बटण हिरवंगार आणि अंगठ्याएवढं होतं. दुसरं बटण होतं की नाही, ते मी पाहिलं नाही. माझा स्वतःचाही एक नियम होता: गिरणी चालू असेल तेव्हाच खेळायचं. नियम कडक होता. त्या वर्षी गिरणीवाल्याने मिरची कांडायचं यंत्र बसवलं आणि चैत्र-वैशाखात गिरणी दिवसाचे नऊ तास चालू लागली, याला मी काय करणार?

त्या दिवशी काम संपल्यावर कुमुदताई माझ्या टेबलापाशी आल्या. पर्समधून रुमाल काढून त्यांनी तोंडापुढे धरला. वरच्या समोरच्या चार दातांची त्यांची जुनी कवळी ढिली झाली होती. 'स' म्हटला की बारीक शिट्टी निघे. ती शिट्टीसुद्धा मीच कापायचो.

"तेवीस तारखेला दाताच्या डॉक्टरांकडे जायचंय," त्या म्हणाल्या. "हाडात बसवायचे म्हणतात, पक्के. माझे साठलेले पैसे तेवढे तयार ठेव."

ताई आपलं मानधन माझ्याकडेच ठेवायच्या. दोन वर्षं झाली होती. घरी नेलं की मुलगा म्हणे, "आई, या वयात कशाला हाडात दात? मऊ करून खा." म्हणून त्या म्हणायच्या, "तुझ्याकडेच राहू दे, श्रेणिक. तू हिशोबाचा माणूस आहेस."

"तयारच आहेत, ताई," मी म्हणालो.

तयार काहीच नव्हतं. ताईंचे पहिले दोन दात मी माघातच लावले होते आणि उरलेले दोन फाल्गुनात. लावले म्हणजे डावावर. पण तेवीस तारखेला अजून अठरा दिवस होते, आणि अठरा दिवसांत माणूस काय नाही करू शकत. चार दात परत आणायचे होते, बत्तीस नाही.

पुढच्या आठवड्यात तन्मयचा फोन आला. "सर, अजून एक काम आहे. हेल्पलाइन."

"कसली?"

"प्रॉब्लेम गॅम्बलिंगची. कंपनीला दाखवावी लागते. ज्यांना सवय लागलीय त्यांच्यासाठी. त्याच मॅडमचा आवाज चालेल, फक्त या वेळी स्लो. मायेने."

"चार सेकंदांचं बंधन?"

"नाही नाही. इथे वेळच वेळ आहे."

ताई आल्या तेव्हा खाली मिरची चालू होती. अशा वेळी त्या आत काचेमागे बसत, घरघर ऐकू नये म्हणून कानाला हेडफोन लावत, आणि वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत. मी बाहेर माझ्या टेबलावर फोन घेऊन बसे. आतल्या माणसाशी बोलायला माझ्या टेबलावर एक बटण असतं. दाबलं की माझा आवाज आत हेडफोनमध्ये जातो. ते बटण वर्षभर दाबलेलंच अडकून राहत होतं, पेनाच्या टोपणाने उचकटावं लागे. ते दुरुस्त करायचे पैसे मी इतरत्र गुंतवले होते.

गिरणी थांबली. ताईंनी वाचायला सुरुवात केली. "नमस्कार. आपण योग्य ठिकाणी फोन केला आहे. आपण स्वतःसाठी फोन करत असाल, तर एक दाबा. कुटुंबातील व्यक्तीसाठी किंवा मित्रासाठी करत असाल, तर दोन दाबा." मग थांबून त्यांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. "एक दाबल्यावर कोण बोलतं रे?"

मी तन्मयला स्पीकरवर घेतलं. तो म्हणाला, "सल्लागार असतात, मॅडम. बिझी असले तर म्युझिक. सर, म्युझिक चाळीस सेकंदांचं करा. मग रिपीट."

"चाळीसच का?"

"आम्ही तपासलंय. चाळीस सेकंदांच्या पुढे कुणी थांबत नाही."

"म्हणजे माणूस दमून फोन ठेवतो, तिथपर्यंतच गाणं?" ताईंनी विचारलं.

"एक्झॅक्टली, मॅडम," तन्मय म्हणाला. त्याला वाटलं, त्यांना मुद्दा पटला.

मी बासरीचा एक तुकडा घेतला आणि त्याची दोन टोकं जोडून दिली. या कामाचे पैसे दुप्पट होते आणि आगाऊ आले. त्यात ताईंचा अर्धा वाटा होता. हेल्पलाइनचे पैसे मी त्याच संध्याकाळी पत्तेबहाद्दरला परत केले. कंपनीचा पैसा कंपनीकडे गेला, मध्ये माझ्याकडे दोन तास राहिला.

त्या पंधरवड्यात ताई तीनदा येऊन गेल्या. सूचना दर जाहिरातीला नवी लागे. दर वेळी मी म्हणे, "ताई, जरा पळवा," आणि दर वेळी त्या साडेअकरा सेकंद घेत. जाताना दारात वळून म्हणत, "तेवीस, हं." त्यांनी कधी आकडा विचारला नाही. फक्त तारीख.

एकवीस तारखेच्या दुपारी माझ्या खात्यात काही उरलं नाही. 'काही' म्हणजे रिक्षाचेही. शेवटच्या डावात मला हवी होती बदामची राणी, आणि ती समोरच्या कुणा 'किंग_९९'ने दाबून धरली होती. मी नेहमीसारखा फोनशी बोलत होतो, मिनतवाऱ्या करत होतो. डाव गेला. मग पडद्यावर जाहिरात आली आणि जाहिरातीच्या शेवटी ताईंचा आवाज सुर्रकन निघून गेला. तीन सेकंद नव्वद. मीच कापलेला, म्हणून मला तेवढा कळला.

मी आत काचेमागे जाऊन ताईंच्या खुर्चीवर बसलो, दार लावलं आणि तो हेल्पलाइनचा नंबर फिरवला.

"नमस्कार," कुमुदताई म्हणाल्या. "आपण योग्य ठिकाणी फोन केला आहे."

पहिला विचार मनात आला तो असा, की 'ठिकाणी'नंतर बारीक खरखर राहिलीय, ती काढायला हवी होती. दुसरा विचार आला नाही, कारण त्यांनी लगेच विचारलं, स्वतःसाठी की दुसऱ्यासाठी. मी दोन दाबलं. शिकलेला माणूस आधी दुसऱ्याचीच चौकशी करतो.

बासरी सुरू झाली. चाळीस सेकंदांनी जोड आला, वाईट होता. पुन्हा बासरी. थांबणं हा माझा धंदाच. मी गिरणीसाठी आयुष्यभर थांबलेला माणूस आहे. पाचव्या खेपेला बासरी मध्येच तुटली.

"हॅलो, नसरीन बोलतेय. लाइनवर आहात का तुम्ही?" आवाजात आश्चर्य होतं. "बरेच जण ठेवून देतात."

"माझ्या भावाबद्दल विचारायचं होतं," मी म्हणालो. मला भाऊ नाही.

"विचारा ना. किती दिवसांपासून खेळतात ते?"

"चौदा महिने."

"रोज साधारण किती वेळ?"

"तीन तास चाळीस मिनिटं. शुक्रवारी कमी, शुक्रवारी वीज जाते."

"घरी माहीत आहे?"

"नाही. फोन उपडा ठेवतो. बायकोला वाटतं, कामाचे मेसेज येतात."

"कुणाचे पैसे अडकलेत?"

"एका बाईंचे. दातांचे. परवा द्यायचेत. तो म्हणतो, शेवटचा एक डाव लागला तर…"

शांततेची लांबी मोजायची मला सवय. पाच सेकंद.

"सर, भावाचा फार बारीक हिशोब आहे तुमच्याकडे," नसरीन म्हणाली. तिच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. "एक काम कराल? फोन ठेवा, परत लावा, आणि या वेळी एक दाबा. मी इथंच आहे."

"पुन्हा ती बासरी ऐकायची?"

"हो. तेवढं करावं लागेल."

मी फोन ठेवला. पाणी प्यायलो. खाली कुणीतरी पायलीभर ज्वारी घेऊन आलं होतं, तिची घरघर संपेपर्यंत बसून राहिलो. मग परत नंबर लावला. "नमस्कार," ताई म्हणाल्या. "आपण स्वतःसाठी फोन करत असाल, तर एक दाबा."

फोनवरचा एक आकडा दाबायला मला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. तेवढंच एक मोजायचं राहिलं.

नसरीनने मला काही चमत्कार सांगितला नाही. अ‍ॅप काढून टाका, बँकेत जाऊन पैसे जायची वाट बंद करून घ्या, दर गुरुवारी फोन करा, घरी सांगा. "आणि त्या बाईंना तारखेच्या आधी किंवा तारखेला सांगा. नंतर नको. नंतर सांगितलं की ते सांगणं राहत नाही, सापडणं होतं."

तेवीस तारखेला सकाळी दहाला ताई आल्या. छत्री, पर्स, इस्त्रीची साडी. डॉक्टरकडे जायच्या तयारीतल्या दिसत होत्या. मी रात्रभर वाक्य घोकून ठेवलं होतं. त्या खुर्चीवर टेकतात न टेकतात तोच मी म्हणालो, "ताईतुमचेपैसेमाझ्याकडेनाहीतमीतेपत्त्यांतघालवलेमलासवयलागलीय."

ताईंनी छत्री मांडीवरून काढून भिंतीला टेकवली.

"काय म्हणालास?"

मी पेनाचं टोपण काढून परत लावलं.

"श्वास घे आणि परत वाच."

"ताई, तुमचे पैसे माझ्याकडे नाहीत. मी ते पत्त्यांत घालवले. मला सवय…"

"सवय काय?"

"लागलीय."

"तिथे घसरलास. पुन्हा."

तिसऱ्यांदाही मी 'सवय'पाशीच अडकलो. ताईंनी टेबलावरचा पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला आणि खिडकीबाहेर पाहत बसल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाची समजूत घालता येते.

"तीस वर्षं वाचल्या बातम्या," त्या म्हणाल्या. "पूर वाचले, भूकंप वाचले. चांगली बातमी पळवलीस तरी चालते. वाईट बातमी पळवायची नसते. ऐकणाऱ्याला बसायला वेळ लागतो." मग उठून त्या आत गेल्या आणि माझा मोठा माईक स्टँडवरून सोडवून, शाल गुंडाळून, पिशवीत घालून बाहेर आल्या. तो जर्मन माईक म्हणजे माझं दुकान होतं. त्याच्याशिवाय स्टुडिओ म्हणजे कापूस ठोकलेली खोली.

"हे काय, ताई?"

"हा माझ्याकडे राहील. रोज सकाळी येऊन घेऊन जायचा, संध्याकाळी आणून ठेवायचा. येताना फोन दाखवायचा. आणि आज घरी बायकोला सांगायचं. तिला मी उद्या विचारणार आहे, काय सांगितलंस ते."

"आणि दात?"

"दात काय, मऊ करून खाईन," ताई म्हणाल्या. 'खाईन'मध्ये शिट्टीचं अक्षर नव्हतं, हे त्यांनी निवडून घेतलं असावं.

बायकोला सांगितलं. तिचे सेकंद इथे लिहीत नाही, ते तिचे आहेत.

मग सतरा महिने मी सकाळ-संध्याकाळ तान्हं मूल घेऊन जावं तसा माईक घेऊन ताईंच्या घरी जात होतो. गुरुवारी त्यांच्याच ओसरीवर बसून नसरीनला फोन लावायचो. फोनमधून कुमुदताई म्हणत, "स्वतःसाठी असेल, तर एक दाबा," आणि स्वयंपाकघरातून कुमुदताई म्हणत, "दाबलंस का?" त्यांचा मुलगा आधी मला चोर समजे. सहा महिन्यांनी तो चहा विचारू लागला. दोनदा माझा पाय घसरला. त्या दोन्ही संध्याकाळी ताईंनी माईक ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी दिला नाही. माझा धंदा दोन दिवस बंद. तिसऱ्यांदा पाय घसरला नाही, कारण घसरणं परवडण्यासारखं राहिलं नव्हतं.

पत्तेबहाद्दरचं काम मी सोडलं. सोडलं म्हणजे शेवटची सूचना न कापता पाठवली, श्वासांसकट. तन्मय म्हणाला, "सर, एवढी स्लो लावली तर लोक खेळणार कसे?" एवढं खरं बोलणारा माणूस त्या धंद्यात दुसरा भेटला नाही.

दात बसले ते पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी. एक-एक करून मी फेडले, वरचे समोरचे चार. ताई स्टुडिओत आल्या, आत जाऊन बसल्या, हेडफोन लावला.

"घड्याळ लाव," त्या म्हणाल्या. "तुझी ती जुनी सूचना पाठ आहे मला."

मी घड्याळ लावलं. ताईंनी एक श्वास घेतला आणि दोन्ही वाक्यं म्हणून टाकली. मी पाहिलं. तीन सेकंद ऐंशी. एकही अक्षर सांडलं नव्हतं. शिट्टी तर नव्हतीच.

"नव्या दातांची कमाल," मी म्हणालो.

"दातांचं काय त्यात? जुन्यातही जमत होतं."

"मग तेव्हा साडेअकरा का घ्यायचात?"

ताईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, त्यावर बोटं आपटून पत्ते वाटल्यासारखा आवाज काढला, आणि माझ्याच आवाजात, माझ्याच लाडीगोडीने म्हणाल्या, "टाक ना रे बाबा ती राणी. एकदा टाक ना."

मी टेबलावरच्या बटणाकडे पाहिलं. ते अडकलेलं होतं.

"हिवाळ्यापासून ऐकत होते," त्या म्हणाल्या. "गिरणी ऐकू नये म्हणून हे कानाला लावायचे, तर यात तुझा जुगार. मग ती सूचना आली. मी काय, तुझ्या त्या तन्मयसाठी वाचत होते?"

"आणि मी तुमचे श्वास कापत होतो."

"कापायच्या आधी ऐकायचास ना? तेवढं पुरे होतं मला."

"ताई, मग पैसे आधीच का नाही मागितलेत?"

"मागितले की. तेवीस तारखेला."

"ती तर डॉक्टरांनी दिलेली तारीख होती."

"डॉक्टर म्हणाले होते, कधीही या," कुमुदताई म्हणाल्या, आणि शब्दकोड्याचा कागद उघडला. "तारीख मी तुझ्यासाठी काढली होती."

खाली गिरणी सुरू झाली. ताईंनी हेडफोन परत कानाला लावला. मी बाहेर माझ्या टेबलाशी हात बांधून बसून राहिलो, त्यांना ऐकू जाईल असा.

ते बटण मी अजून दुरुस्त केलेलं नाही.